टाकीतले वीस टक्के

मराठवाड्यातल्या आमच्या शहरात जालना रोडवरच्या पंपावर दुचाक्यांची रांग रस्त्यापर्यंत आली आहे. सकाळचे साडेनऊ. कुणी गाडी बंद करून पायांनी ढकलत पुढे सरकतो, कुणी चालूच ठेवतो आणि उगाच रेस देत राहतो. दिवाळी उलटली तरी ऊन उतरलेलं नाही. छताची सावली संपते तिथून पुढचं डांबर आत्ताच तापलं आहे. हँडलला डबा अडकवलेली एक बाई, मागच्या सीटवर सिलिंडर बांधलेला पोरगा, रिकामे कॅन घेऊन हर्सूलकडे परत निघालेला दूधवाला, कॉलेजची दोन मुलं एकाच स्कूटीवर.

"शंभरचं."

"दोनशेचं टाका."

"फुल."

निळ्या शर्टातला मुलगा नोझल लावतो. "झिरो बघा, भाऊ." भाऊ झिरो बघतात. आकडे पळू लागतात. शंभर रुपयांत एक लिटरही येत नाही, लिटरच्या अलीकडेच काटा थांबतो. झाकण बंद, पैसे मोबाइलवरून, पुढची गाडी. एका दुचाकीला मिनिटभरही लागत नाही.

यंत्राच्या कडेला एक लहान स्टिकर आहे. 'ई-20'. उन्हानं त्याचा रंग उडाला आहे. मी रांगेच्या बाजूला उभा राहून बघतो. सगळे झिरो बघतात, रुपये बघतात. स्टिकरकडे कुणाचीही नजर जात नाही. दूधवाल्याला विचारतो, "ई-20 म्हणजे काय, माहीत आहे का?"

"ते इथेनॉल. उसाचं असतंय ना?"

"किती असतं त्याच्यात?"

"ते काय सांगता येत नाही बा." रांग सरकते. तोही सरकतो.

शंभर रुपयांचं पेट्रोल घेतलं, तर त्यातला पाचवा हिस्सा पेट्रोल नसतो. तो अल्कोहोल असतो. ऊस, मळी, मका किंवा खराब झालेला तांदूळ आंबवून काढलेला. 2014 च्या आधी हे प्रमाण देशभरात दीड टक्क्याच्या आसपास होतं. जून 2022 मध्ये ते दहावर गेलं, फेब्रुवारी 2023 पासून काही निवडक पंपांवर वीस टक्क्यांचं पेट्रोल मिळू लागलं आणि 2025 मध्ये वीस टक्के हेच नेहमीचं झालं. आधी हे गाठायचं वर्ष 2030 होतं. ते पाच वर्षं अलीकडे ओढलं गेलं.

पंपाच्या मागच्या बाजूला टँकर लागला आहे. बारा हजार लिटरचा. चाकांना लाकडी ठोकळे, जमिनीला जोडलेली अर्थिंगची तार, वाळूच्या लाल बादल्या. मॅनेजर काचेच्या उभ्या भांड्यात पेट्रोल घेतात, हायड्रोमीटर सोडतात, थर्मामीटर बुडवतात आणि तक्त्यात बोट फिरवून घनता 15 अंशांवर आणतात. डेपोच्या चलनावरच्या आकड्यापेक्षा तीनहून जास्त फरक निघाला, तर टँकर खाली करायचा नाही. आज फरक एकाचाही नाही.

मग डिप. पितळी रॉडच्या टोकाला ते एक पेस्ट लावतात आणि रॉड जमिनीखालच्या टाकीत सोडतात. पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो.

"पूर्वी पाणी गेलं तर ते खाली तळाशी बसायचं," मॅनेजर रॉड पुसत सांगतात. "पेट्रोल वर, पाणी खाली. पंप वरचं उचलायचा. आता इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं असलं तर जिरवतं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून खाली बसतात. मग साधी पेस्ट चालत नाही, वेगळी लागते. पावसाळ्यात आम्ही डिप पुन्हा पुन्हा घेतो. एक झाकण सैल राहिलं तर संपलं."

रॉड कोरडा निघतो. ते वहीत वेळ लिहितात.

टँकरचा ड्रायव्हर सावलीला बसून चहा घेतो आहे. पहाटे तो पानेवाडीहून निघाला. मनमाडजवळचं पानेवाडी. मराठवाड्यातल्या पंपांचं बरंचसं पेट्रोल तिथल्या डेपोंमधून येतं. मुंबईकडून पाइपलाइननं आलेलं पेट्रोल एका टाकीत, साखर कारखान्यांतून आणि धान्याच्या डिस्टिलऱ्यांतून टँकरनं आलेलं इथेनॉल दुसऱ्या टाकीत. गाडी भरताना दोन्ही एकत्र होतात. इथेनॉल लांबच्या पाइपलाइननं पाठवत नाहीत. कारण तेच, पाणी.

"आमच्या लाइनीत पेट्रोलचे टँकर आणि बाजूच्या लाइनीत इथेनॉलचे," तो म्हणतो. "त्यांची लाइन कधीकधी आमच्याहून मोठी."

या प्रयोगाची सुरुवातही तिथलीच. 2001 मध्ये पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल मिसळून पाहायचं ठरलं, तेव्हा देशात तीन जागा निवडल्या गेल्या. महाराष्ट्रातलं मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळचं आंवला. जानेवारी 2003 पासून नऊ राज्यांत पाच टक्के सुरू झालं. म्हणजे आपल्या भागातल्या गाड्या चोवीस-पंचवीस वर्षांपासून हे मिश्रण कमीअधिक पीत आहेत. प्रमाण थोडं होतं तोवर कुणाला जाणवलं नाही.

जाणवतं ते गॅरेजमध्ये. मी रोशन गेटच्या दिशेनं निघतो.

रस्ता अरुंद होतो. रिक्षा, हातगाड्या, बेकरीचा वास, मग ऑइलचा वास. फुटपाथ आणि दुकान यांत फरक उरत नाही. सात-आठ दुचाक्या उघड्या पडल्या आहेत. सीट काढलेली, टाकी उतरवलेली, तारा बाहेर. उस्ताद पाटावर बसले आहेत. समोर पत्र्याच्या ताटात रॉकेल आणि त्यात एक कार्बोरेटर सुटा करून टाकलेला. साठीतला माणूस. बोटांच्या रेघांत काळं कायमचं बसलेलं.

"हे बघा, साहेब." ते चिमट्यात एक रबरी वॉशर धरतात. गोल असायला हवा, तो फुगून वाकडा झाला आहे. "आणि हा पाइप." पेट्रोलचा पाइप ते बोटांत दुमडतात. त्याला बारीक चिरा पडल्या आहेत. "गाडी 2012 ची. पाइप तसाही जुनाच होता, सगळं इथेनॉलवर टाकत नाही मी. पण पूर्वी असा पाइप कडक व्हायला जेवढी वर्षं लागायची, तेवढी आता लागत नाहीत."

त्यांच्या या सावधपणाचं मला मोल वाटतं. गिऱ्हाईक मात्र तसं नसतं. एक तरुण गाडी आणून लावतो आणि उतरायच्या आधीच बोलायला लागतो. "उस्ताद, अॅव्हरेज पार बसलं. पन्नास द्यायची, चाळीसवर आली. ते इथेनॉल..."

उस्ताद काही न बोलता मागच्या टायरवर अंगठा दाबतात. टायर आत जातो. मग चेन बघतात. कोरडी ठणठणीत. "आधी हवा भर. चेनला तेल दे. मग इथेनॉलचं बोलू."

मग बोलतातच. कपाटातून ते काचेचं एक मापाचं नळकांडं काढतात, शंभर मिलिलिटरच्या खुणांचं. त्यात ऐंशीच्या रेषेपर्यंत त्या तरुणाच्या टाकीतलं पेट्रोल ओततात. वर वीस मिलिलिटर पाणी. बूच लावून जोरात हलवतात आणि पाटावर ठेवतात. सगळे वाकून बघतात. पांढुरका गढूळपणा खाली उतरू लागतो. दोन मिनिटांत मधोमध स्वच्छ रेघ तयार होते. खाली पाणी वीस असायला हवं, ते पस्तिसाच्या जवळ दिसतं. पेट्रोलातलं इथेनॉल पाण्यात उतरलं आहे. पंधरा-सोळा मिलिलिटर. ऐंशीचे वीस टक्के.

तरुण बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहतो. "एवढं?"

"एवढं."

जुन्या गाडीत नेमकं काय होतं, ते उस्ताद जेटवर नख ठेवून दाखवतात. कार्बोरेटरच्या जेटचं भोक ठरलेलं असतं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला चौदा-पंधरा किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊच. इथेनॉल स्वतःच्या अंगात प्राणवायू घेऊन आलेलं असतं. त्यामुळे त्याच भोकातून तेवढंच इंधन गेलं, तर हवा जास्त आणि इंधन कमी, असं होतं. मिक्स्चर सुकं पडतं. गाडी सकाळी चोक मागते, मिसिंग मारते, चढावर दम तोडते. 2020 नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. तिथे सेन्सर धुराड्यातला प्राणवायू मोजतो आणि इंधन वाढवून घेतो. गाडी धक्का मारत नाही. पेट्रोल मात्र जास्त जातं, कारण एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते.

जेवढी ओरड होते तेवढी घट होते का? 2021 च्या सरकारी आराखड्यात हे आकडे दिलेले आहेत. शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत वीस टक्क्यांमुळे सहा ते सात टक्के घट. तशाच दुचाकीत तीन ते चार टक्के. दहा टक्क्यांसाठी बनलेल्या आणि वीससाठी जुळवलेल्या चारचाकीत एक ते दोन टक्के. म्हणजे पन्नासची चाळीस होणं इथेनॉलच्या हिशेबात बसत नाही. पन्नासची अठ्ठेचाळीस होणं बसतं.

दुसरी बाजूही इथेच, याच पाटावर सांगायला हवी. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर आहे. आपलं साधं पेट्रोल 91 चं होतं, वीस टक्क्यांचं 95 चं झालं. नव्या, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ते चांगलं. नॉकिंग कमी होतं. एप्रिल 2023 पासून नव्या गाड्यांचे इंधनाच्या वाटेतले रबर, प्लास्टिक आणि धातूचे भाग वीस टक्क्यांना टिकतील असे, आणि एप्रिल 2025 पासून इंजिनही त्यासाठीच जुळवलेलं, असं त्या आराखड्यात ठरलं होतं. नव्या गाडीवाल्यानं धास्तावण्याचं कारण मला दिसत नाही. या गल्लीत मात्र नव्या गाड्या नाहीत. इथे आठ, बारा, पंधरा वर्षांच्या गाड्या आहेत. ज्यांना नवी परवडत नाही त्यांच्या.

भिंतीला एक टाकी टेकवून ठेवली आहे. उस्ताद तिच्यात टॉर्च मारतात. तळाला तांबडा गंज. "ही पावसाळाभर उभी होती. मालक पुण्याला. टाकी अर्धी रिकामी, हवेतली ओल आत. ज्याला गाडी उभी ठेवायची आहे, त्यानं एकतर टाकी भरून ठेवावी नाहीतर रिकामी करावी." हे ते गिऱ्हाइकाला ओरडून सांगतात, मला हळू आवाजात. नव्या पाइपचे, वॉशरचे आणि मजुरीचे पैसे तरुण देतो. ही रक्कम इंधनाच्या कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.

दुपारी जाधववाडीचा मोंढा. ऊन आता डोक्यावर आहे आणि सगळं अंगण पिवळं झालं आहे. मका. ओट्यांवर ढीग, ओट्यांखाली ढीग, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून अजून उतरतोच आहे. सिल्लोड, फुलंब्री, कन्नडकडचा. हवेत भुसा. नाकात, डोळ्यांत, पाण्याच्या ग्लासात. बायका फडे घेऊन सांडलेले दाणे गोळा करतात. हमाल पाठीवर कट्टा घेऊन पळतात. लिलाव करणारा ढिगावर चढून मूठभर मका हवेत उडवतो आणि भाव पुकारतो. घोळका त्याच्याबरोबर एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकतो.

ओलावा मोजायचं यंत्र खोक्यावर ठेवलं आहे. व्यापाऱ्याचा माणूस त्यात मका ओततो, झाकण दाबतो. 19. शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. चौदाच्या आत हवा. फुलंब्रीकडचे काका आहेत, खांद्यावर उपरणं, पायांत प्लास्टिकची चप्पल.

"वाळवायला ऊनच कुठं दिलं देवानं. काढणीत पाऊस. आता म्हणतेत ओला हाये, भाव पाडा. कामून पाडा? हमीभाव चोवीसशे म्हणून पेपरात येतंय, इथं कोण देतंय ते दाखवा."

2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 2400 रुपये आहे. काकांचा ढीग त्याच्या बऱ्याच खाली जातो. ते मान हलवतात, कारण ट्रॅक्टरचं भाडं चालू आहे.

हा मका कुठे जातो? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. कोंबडीखाद्याला, स्टार्चला. आता तिसरं उत्तर आलं आहे, इथेनॉलला, आणि ते झपाट्यानं मोठं झालं आहे. 2023 च्या पावसानं दगा दिला, मराठवाड्यात दुष्काळ पडला. त्या डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, ते पुढच्या ऑगस्टपर्यंत राहिले. ती जागा मक्यानं भरली. आज देशातल्या इथेनॉलसाठी सर्वांत जास्त वापर मक्याचा होतो.

ढिगाला टेकून मी हिशेब मांडतो. एका क्विंटल मक्यातून साधारण 38 लिटर इथेनॉल निघतं. 2024-25 च्या हंगामात मक्याच्या इथेनॉलचा सरकारी खरेदीभाव लिटरला 71 रुपये 86 पैसे होता. म्हणजे एका क्विंटलमागे इथेनॉलचेच सत्तावीसशे तीस रुपये, शिवाय उरलेला चोथा पशुखाद्याला, क्विंटलमागे तीस किलोच्या आसपास. यातून डिस्टिलरीचा कोळसा, वीज, एन्झाइम, व्याज वजा होतं, हे खरं. तरीही वरच्या टोकाचा भाव सरकार ठरवून देतं आणि खालच्या टोकाचा भाव हा मुठीतला मका उडवणारा माणूस ठरवतो, ही गोष्ट मला बोचते. इथेनॉलनं शेतकऱ्याला आधार दिला का? दिला. मक्याला नवं गिऱ्हाईक मिळालं, पेरा वाढला. पण 'अन्नदाता ते ऊर्जादाता' अशी घोषणा करायची, तर ओल्या मक्यासाठी तालुक्याला ड्रायर हवेत. जाधववाडीत काकांना आज ड्रायरची गरज आहे.

शेजारच्या ओट्यावर एक कोंबडीवाला उभा आहे. त्यालाही मका हवा आहे आणि तो घासाघीस करतो आहे. "आमच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका. डिस्टिलरीवाले उतरले की आमचा खर्च चढतो." त्याच्यासाठी एका क्विंटलचा अर्थ वेगळा.

उन्हं कलताना पैठण रोडला लागतो. महानुभाव आश्रमाचा चौक ओलांडला की शहर मागे पडतं. रस्त्याकडेला माणूस आत उभा राहील एवढ्या घेराचे पाण्याचे पाइप. जायकवाडी धरणाच्या नाथसागरातून शहराला जास्त पाणी आणायच्या योजनेचे. चितेगाव, मग बिडकीन. पुढे उसाच्या ट्रॉल्या भेटू लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, रस्ता व्यापून डुलत चाललेल्या. मागे लाल फडकं. ओव्हरटेक करायला जागा नाही. सगळे मुकाट्यानं मागे चालतात. उसाची चिपाडं रस्त्यावर पडत जातात.

एका फडात तोड चालू आहे. कोयत्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. बाई मोळी बांधते, बुवा डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतो. बांधाला कोप्या. लहान पोर उसाचं कांडं चघळत उन्हात बसलेलं. या जोडप्याला कोयता म्हणतात आणि मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एकच मोजली जातात.

कारखाना जवळ आल्याचं नाकाला आधी कळतं. मळीचा वास. गोड, आंबूस, जड. गेटबाहेर वजनकाट्याची रांग. बैलगाड्या एका बाजूला, ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला. ड्रायव्हर ट्रॉलीखाली पटकूर टाकून झोपले आहेत. नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आत चिमणीतून पांढरी वाफ. साखरेच्या इमारतीच्या पलीकडे डिस्टिलरीचे उंच स्तंभ. मळी किंवा रस टाक्यांत यीस्टनं आंबतो, मग उकळून अल्कोहोल वेगळं होतं. ऊर्ध्वपातनानं ते पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत शुद्ध होतं. उरलेलं पाणी साध्या उकळण्यानं निघत नाही, ते शोषक खड्यांच्या थरांतून काढतात आणि साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या पुढे नेतात. मागे राहतं ते काळपट स्पेंट वॉश. मळीपासून केलेल्या दर लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर. ते आटवून जाळावं लागतं किंवा खतात मुरवावं लागतं. नीट केलं तर ठीक, नाहीतर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी पहिल्यांदा रंग बदलतं.

पाण्याचा हिशेब इथे, नाथसागराच्या पाणलोटात उभं राहूनच करायला हवा. एक टन उसाच्या रसातून सुमारे 70 लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे लिटरला चौदा किलो ऊस. त्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलं आहे की उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे जवळपास 2860 लिटर पाणी लागतं. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी मिळावं हा सरकारी निकष. भागाकार केला तर एकवीस दिवसांचं पाणी. एका माणसाचं, एका लिटरमागे. मळीपासून केलेल्या इथेनॉलवर हा सगळा भार टाकता येत नाही, कारण ऊस साखरेसाठी पिकलेलाच असतो आणि मळी त्यातून उरते. पण थेट रसापासून केलं तर टाकता येतो. मराठवाड्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो. 1976 पासून जायकवाडी उभी आहे, आणि तिच्यापासून पन्नास किलोमीटरवरच्या शहरात नळाचं पाणी रोज येत नाही. माझं मत स्पष्ट आहे. या खोऱ्यात मळीचं इथेनॉल जरूर करा, चिपाडांपासून आणि धसकटांपासून होणाऱ्या इथेनॉलला बळ द्या, पण टाकीत ओतण्यासाठी नवा ऊस लावू नका.

एक पाण्याचा टँकर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून वाट काढत गावाकडे जातो.

लिंक रोडनं वाळूजला पोचेपर्यंत अंधार पडू लागतो. कंपन्या सुटल्या आहेत. वाळूजजवळच्याच पंढरपूर गावाच्या चौकात धूर, हॉर्न, वडापावच्या गाड्या, बजाजनगरकडे वळणाऱ्या रिक्षा. इथल्या पंपावर आता सगळे गणवेशातले. खिशावर कंपनीचं ओळखपत्र. दिवसभर दुचाक्यांचे आणि रिक्षांचे सुटे भाग घडवणारे हात संध्याकाळी स्वतःच्या दुचाकीची टाकी उघडून उभे राहतात. एकाची गाडी या वर्षीची आहे. तो टाकीच्या झाकणावरची पिवळी पट्टी मला दाखवतो, ई-20. त्याच्या मागे उभ्या असलेल्याची गाडी 2014 ची. तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. दोघांना एकाच नोझलमधून तेच पेट्रोल मिळतं, त्याच दरात.

मागच्याशी बोलतो. चिकलठाण्याहून वाळूजला, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. महिन्याला पंचवीस दिवस. हजार किलोमीटर. पन्नासच्या जागी अठ्ठेचाळीस अॅव्हरेज धरलं, तर महिन्याला पाऊण लिटरहून थोडं जास्त, म्हणजे ऐंशी-नव्वद रुपये. "म्हणजे वर्षाला हजार," तोच पटकन म्हणतो. हेल्परच्या पगारात हजार रुपये दिसतात.

सरकारनं 2025 मध्ये सांगितलं, 2014-15 पासून इथेनॉलमुळे देशाचे 1 लाख 44 हजार कोटी रुपयांचे परकीय चलन वाचले. वाचले असतील तर ते या रांगेतल्या प्रत्येकाच्या वाट्याचे आहेत. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं, तेव्हा घरचं इंधन हवंच. पण मग दर का उतरला नाही? त्याचंही उत्तर दिलं गेलं आहे. आराखडा झाला तेव्हा इथेनॉल पेट्रोलहून स्वस्त होतं, 2025 मध्ये ते वाहतूक आणि कर धरून सरासरी लिटरला 71 रुपये 32 पैशांना पडत होतं आणि शुद्ध पेट्रोलहून महाग होतं. उत्तर प्रामाणिक आहे. त्याचा अर्थ मात्र असा की घटीचा भार वाहनधारकावर आहे, आणि हे त्याला पंपावर कुणी सांगत नाही.

ब्राझीलमध्ये 1979 पासून अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या आहेत आणि 2003 पासून कोणतंही प्रमाण चालवून घेणाऱ्या. तिथेही साध्या पेट्रोलात इथेनॉल सक्तीनं मिसळलेलंच असतं. पण पंपावर निव्वळ अल्कोहोलचं नोझल वेगळं असतं, दर वेगळा असतो. अल्कोहोलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर ते भरायचं, नाहीतर पेट्रोल. हा हिशेब तिथला वाहनधारक रांगेत उभ्या उभ्या करतो, कारण दोन्ही आकडे त्याच्या समोर असतात.

वाळूजच्या पंपावर एकच आकडा आहे, दराचा. त्याच्या शेजारी इथेनॉलचे टक्के तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिले जावेत. जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल उपलब्ध राहावं, असं त्या आराखड्यातही सुचवलं होतं. शहरातल्या निदान काही पंपांवर ते ठेवलं जावं. तोवर आपण करण्यासारखं एवढं आहे. गाडीच्या पुस्तकात किती टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल ते बघा. गाडी 2023 च्या आधीची असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलचा पाइप, वॉशर आणि फिल्टर तपासायला सांगा. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. पंपावर शंका आली तर घनता विचारा, पाच लिटरच्या मापानं मोजून मागा. ते दाखवणं पंपावर बंधनकारक आहे.